टाय रॉड वाकला, तडा मात्र चेसिसला

माझ्या ओळखीतल्या एका जुन्या डिझेल जीपचं हे प्रकरण आहे. पावसाळ्यात तिचा पुढचा टाय रॉड, म्हणजे पुढच्या दोन चाकांना जोडून एकत्र वळवणारा आडवा दांडा, एका दगडावर वाकला. आम्ही तो जागेवरच सरळ करून गाडी बाहेर काढली. पुढे मी ठाण्यात तिच्यासाठी नवा, जाडजूड रॉड करून दिला, आणि पाच-सहा महिन्यांनी त्या जाड रॉडची वसुली चेसिसकडून झाली. तो रॉड माझ्याच हातचा होता. म्हणून हे सगळं मापांसकट लिहून ठेवतोय.

गाडी कळव्याच्या एका ज्येष्ठ मित्राची. आम्ही सगळे त्यांना दादा म्हणतो. माझी वागळे इस्टेटमध्ये फॅब्रिकेशनची छोटी शेड आहे आणि दादांच्या गाडीचं बरंचसं काम तिथेच होतं. गाडीला पुढे-मागे सॉलिड अ‍ॅक्सल आणि कमानपाटे आहेत. मूळचे बारीक ६.००-१६ टायर जाऊन ३१ इंची रुंद टायर आलेत. दादांचा खांदा दुखायला लागल्यावर मूळचा साधा स्टेअरिंग बॉक्स काढून तीन वर्षांपूर्वी पॉवर स्टेअरिंगचा बॉक्स बसवला. हे दोन बदल लक्षात असू द्या, पुढे त्यांचा संबंध येणार आहे.

या गाडीत स्टेअरिंगचा जोर असा जातो. चेसिसच्या उजव्या चॅनलवर, म्हणजे उजव्या लांब तुळईवर, बॉक्स, त्यातून खाली ड्रॉप आर्म, ड्रॉप आर्मला ड्रॅग लिंक नावाचा दांडा, तो उजव्या चाकाच्या नकलला, म्हणजे चाक ज्या सांध्यावर वळतं त्याला. डाव्या चाकाला स्वतःचं असं काही नाही; उजव्या नकलपासून निघून अ‍ॅक्सलच्या पुढून आडवा जाणारा टाय रॉड त्याला वळवतो. म्हणजे डाव्या चाकाला बसलेला प्रत्येक दणका टाय रॉडमधून उजवीकडे, तिथून ड्रॅग लिंकमध्ये आणि शेवटी बॉक्सच्या बोल्टांवर येतो.

ऑगस्टमधला रविवार होता. येऊरचं जंगल राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत आहे, तिथे आम्ही गाड्या घालत नाही, कोणी घालूही नयेत. मुरबाड तालुक्यात ओळखीच्या एका शेतकऱ्याचा माळ आहे. त्यांना विचारून, पेरलेलं रान सोडून, आम्ही तिथे जातो. माळाच्या कडेला ओहोळाकडे उतरणारी दोन-अडीच फुटांची पायरी आहे, काळ्या पाषाणाची, वर शेवाळ. दादा गाडी चालवत होते आणि त्यांची मुलगी पुढे उभी राहून हाताने दिशा देत होती. ती इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे.

डावं चाक पायरीवरून उतरलं, घसरलं आणि ठरलेल्या रेषेच्या हातभर बाजूला गेलं. तिथे पाण्याच्या हंड्याएवढा एक दगड होता. चाक दगडाच्या पलीकडे पडलं आणि टाय रॉड बरोबर मधोमध दगडावर बसला. धातू तुटल्यासारखा खणखणीत आवाज काही आला नाही. ओली फांदी वाकवावी तसा दबका आवाज झाला आणि दोन्ही चाकांनी एकमेकांकडे तोंडं वळवली.

खाली वाकून बघितलं तर रॉड मधोमध मागे गेलेला. दोन टोकांमध्ये दोरी ताणून धरली, मधलं अंतर ६ सेंटिमीटर भरलं. बाकाच्या आतल्या बाजूला रंगाच्या बारीक आडव्या सुरकुत्या पडल्या होत्या. बाहेरच्या बाजूला रंग शिडीच्या पायऱ्यांसारखा फुटला होता, आणि त्या फटींतून पांढरं लोखंड दिसत होतं. रंग असा फुटला म्हणजे लोखंड ताणलं गेलंय, नुसतं लवचिकपणे वाकून परत येणारं नाही, असं धरून चालायचं.

मुलीने विचारलं, "काका, एवढा जाड रॉड इतक्या सहज कसा वाकला?"

प्रश्न रास्त होता. मूळचा रॉड २२ मिलिमीटरचा भरीव, साध्या लोखंडाचा, दोन जॉइंटमधलं अंतर ११० सेंटिमीटर. अशा रॉडला दोन टोकांकडून सरळ दाबलं तर तो साधारण १.९ टन जोर लागेपर्यंत टिकतो. पण तोच रॉड मधोमध आडवा दाबला तर १०० किलोच्या आसपासच कायमचा वाकायला लागतो. स्टेअरिंगचं रोजचं काम सरळ दाबण्या-ओढण्याचं असतं, तेवढ्यासाठी तो पुरेसा आहे. दगड मात्र नेहमी आडवाच भेटतो, आणि गाडीच्या पुढच्या अंगाचं कित्येकशे किलो वजन त्यावर येऊन बसतं. शिवाय एकदा वाकलेला रॉड सरळ दाबालाही पूर्वीसारखा उरत नाही. ६ सेंटिमीटरचा बाक असेल तर १.९ टनांचे जेमतेम साडेचारशे किलो राहतात. "थोडासाच वाकलाय, चालेल" असं म्हणणाऱ्यांनी हा आकडा डोक्यात ठेवावा.

दुसरा आकडा चाकांचा. ६ सेंटिमीटर बाक आला की रॉड लांबीत आठेक मिलिमीटर आखूड होतो. नकलचा आर्म साधारण १५ सेंटिमीटरचा, चाकाचा घेर मोठा, त्यामुळे हे ८ मिलिमीटर टायरवर पाचपट होऊन दिसतात. टेप लावून मोजलं तेव्हा टायरांच्या पुढच्या बाजूंमधलं अंतर मागच्या बाजूंपेक्षा ४ सेंटिमीटरहून जास्त कमी होतं. एरवी हा फरक दोन-चार मिलिमीटरचा असतो. अशा गाडीचे टायर चालत नाहीत, जमिनीवर घासत ओढले जातात.

दुरुस्तीला लागलो. आधी चाकांना दगड लावले, गाडी जॅकवर घेऊन खाली ठोकळे दिले. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली आमच्यात कोणी हात घालत नाही. स्प्लिट पिन काढल्या, कॅसल नट सैल केले, पण पूर्ण काढले नाहीत. स्टडच्या, म्हणजे जॉइंटच्या आटे असलेल्या खुंटीच्या, टोकाशी आणून ठेवले, म्हणजे आटे शाबूत राहतात आणि जॉइंट सुटला तर पायावर पडत नाही. टाय रॉडचा एंड, म्हणजे टोकाचा बॉल जॉइंट, नकलच्या आर्मच्या टेपर (निमुळत्या) भोकात रुतून बसलेला असतो. स्टडवर हातोडी मारली की आटे जातात आणि एंड तिथेच राहतो. त्याऐवजी आर्मच्या डोळ्याच्या एका बाजूला जड हातोडी टेकवून धरायची आणि समोरच्या बाजूने दुसरी मारायची. भोक क्षणभर अंडाकृती होतं आणि टेपर सुटतो. डावा तिसऱ्या घावाला सुटला. उजव्याने पाव तास घेतला.

रॉड सरळ करायला आम्ही दोन मोठ्या दगडांच्या फटीचा उपयोग केला. रॉडची दोन टोकं दगडांवर, बाक वरच्या बाजूला, बाकावर लाकडाचा ठोकळा, ठोकळ्यावर हाय-लिफ्ट जॅक, आणि जॅकचं डोकं दुसऱ्या गाडीच्या पुढच्या बंपरखाली. त्या गाडीचं वजन आणि जॅकचा दाब. घाई करायची नाही, थोडं दाबायचं, सोडायचं, दोरी लावून बघायचं. सुमारे दीड सेंटिमीटर बाक राहिला तेव्हा मी थांबलो. दादा म्हणाले, "अजून थोडं घे की." मी नाही घेतलं. गार लोखंड पुढे-मागे वाकवलं की ते कडक होत जातं आणि तडकतं. दीड सेंटिमीटरचा बाक मला चालतो, तडा चालत नाही.

मग त्याला टेकू. माझ्या पेटीत ७० सेंटिमीटरचा, ४० बाय ४० बाय ५ चा अँगल नेहमी असतो, सोबत सायलेन्सर पाइपला लावतात तसले यू-क्लॅम्प. अँगलच्या खोबणीत रॉड बसवून तीन क्लॅम्प आवळले, मधला बरोबर जुन्या बाकावर. चाक पूर्ण वळवलं तर अँगल कुठे आदळतो का हे हाताने फिरवून बघितलं. एका बाजूला कमानपाट्याच्या यू-बोल्टला लागत होता, म्हणून तो बोटभर सरकवला.

चाकांची जुळणी सुतळी आणि टेपने केली. टायरच्या मधल्या खाचेत खडूने खूण, अ‍ॅक्सलच्या उंचीला. पुढचं माप घ्यायचं, गाडी अर्धा फेरा ढकलून तीच खूण मागे आणायची, परत माप. रॉडच्या एका टोकाला सरळ आटे आणि दुसऱ्याला उलटे असतात, त्यामुळे जोडलेला रॉड नुसता फिरवला तरी लांबी कमी-जास्त होते. अँगल लावल्यावर मात्र फिरवायला जागा राहत नाही, म्हणून हे काम आधी अंदाजाने करून, क्लॅम्प सैल ठेवून, मग आवळावं लागतं. आम्ही ते उलट्या क्रमाने केलं आणि अर्धा तास घालवला.

वेल्डिंगचा विचार केला नाही. दोन बारा व्होल्टच्या बॅटऱ्या एकापुढे एक जोडून २४ व्होल्टवर वेल्डिंगची कांडी जाळता येते, तीन जोडल्या तर काम आणखी बरं होतं. पण बॅटरीतून निघणारा हायड्रोजन पेट घेतो, म्हणून बॅटऱ्या गाडीपासून तोडून, लांब, ओल्या पोत्याखाली ठेवाव्या लागतात. हे तुटलेल्या रॉडसाठी. आमचा तुटला नव्हता. बॉल जॉइंटचा स्टड तुटला तर वेल्डिंग करायचंच नाही. तिथे सुटा एंड सोबत हवा.

दुपारी दीडला गाडी लो गिअरमध्ये माळावरून डांबरी रस्त्यावर आली. इथे आमचा खरा वाद झाला. दादांना गाडी चालवत कळव्याला न्यायची होती. स्टेअरिंग हातात हलकं लागत होतं, गाडी सरळ चालत होती. मी म्हटलं, "दादा, कल्याण-मुरबाड रस्त्यावर माळशेजवरून परतणारी रविवारची गर्दी असते. शहाडच्या पुलावर हा रॉड गेला तर दोन चाकं दोन दिशांना जातील आणि ब्रेकसुद्धा तुम्हाला सरळ थांबवणार नाही." ते नाराज झाले. मुलीने मध्यस्थी केली नाही, सरळ फ्लॅटबेडवाल्याला फोन लावला. गाडी त्यावर चढून दुर्गाडी, कोनगाव, माजिवडा असं करत रात्री शेडवर आली. सरळ केलेल्या रॉडवर मी कुणालाही हायवेला जाऊ देत नाही, आणि यावर माझं मत बदलणार नाही.

नवा रॉड करताना मी फार उत्साहात होतो. कळंबोलीच्या लोखंड बाजारातून जाड भिंतीचा सीमलेस पाइप आणला. टर्नरकडून बाहेरचा व्यास ३२ आणि आतला १६.५ मिलिमीटर करून घेतला. १६.५ च्या भोकात एम-१८ बाय १.५ चे आटे थेट पाडता येतात, एका टोकाला सरळ, दुसऱ्याला उलटे, म्हणजे कुठेही वेल्डिंग नाही. कडकपणा व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो, त्यामुळे वजन दीडपटच झालं तरी हा पाइप जुन्या भरीव रॉडच्या चौपट कडक निघाला. मधोमध आडवा दाबला तर १०० च्या जागी पावणेतीनशे किलो. कागदावर सुंदर.

एंडही नवे घेतले. त्यातला एक दोन महिन्यांत ढिला झाला. कुठल्या दुकानातून आणला ते लिहीत नाही, पण तो काढल्यावर काय दिसलं ते सांगतो. स्टडच्या टेपरला निळा रंग लावून आर्मच्या भोकात बसवला आणि परत काढला. रंग फक्त वरच्या एक तृतीयांश भागात पुसला होता. म्हणजे टेपरचा कोन जुळत नव्हता, स्टड वरच्या कड्यावर टांगलेला होता आणि खाली हलत होता. असा स्टड मानेशी तुटतो. तेव्हापासून प्रत्येक नवा एंड मी निळं लावून तपासतो. पूर्ण लांबीवर रंग पुसला गेला नाही तर तो परत जातो, डबा कितीही चकचकीत असो.

फेब्रुवारीत दादा पुढच्या सहलीआधी गाडी दाखवायला घेऊन आले. मी नेहमीची तपासणी केली: चाकं जमिनीवर, इंजिन चालू, एकाने स्टेअरिंग दोन-दोन इंच डावी-उजवीकडे हलवायचं आणि दुसऱ्याने खाली झोपून एकेका जॉइंटवर बोटं ठेवायची. सांध्यात सैलपणा असेल तर बोटांना टकटक कळते. जॉइंट सगळे घट्ट होते. पण स्टेअरिंग हललं की बॉक्स स्वतःच किंचित डुलत होता, बोल्ट आवळलेले असूनही. चॅनल पुसला. मागच्या बोल्टच्या भोकापासून खाली तिरकी, केसाएवढी तांबडी रेघ. गंज फटीतूनच बाहेर येत होता. तडा शोधायचं लाल रंगद्रव्य फवारलं, पुसलं, वर पांढरी पावडर मारली. दोन मिनिटांत पांढऱ्यावर लाल रेघ उमटली, ३५ मिलिमीटर लांब.

त्या रेघेकडे बघत मी बराच वेळ बसलो. मूळ गाडीत बारीक टायर होते. साध्या बॉक्सवर माणसाच्या दंडात असेल तेवढाच जोर लागत होता. चाक दगडात अडकलं की हात आपोआप थांबत. आणि हद्दच झाली तर २२ मिलिमीटरचा रॉड वाकत होता. तो वाकायचा, चेसिस सुरक्षित राहायची. आम्ही मोठे टायर लावले, म्हणजे दगडाला पकड वाढली. पॉवर बॉक्स लावला, म्हणजे हात थांबायचं कारण गेलं. अडकलेलं चाकही पंप रेटत राहतो. तरीही बॉक्सखालचा चॅनल जुन्याच हिशेबाचा होता. आणि वाकून सुटका करून देणारा एकमेव भाग मी चौपट कडक करून बसवला. डाव्या चाकाचा दणका आता कुठेच न अडता बोल्टांपर्यंत पोहोचत होता. तडा आधीपासून सुरू झाला असेल, तीन वर्षं पॉवर बॉक्स होताच. पण रॉड बदलताना मी फक्त रॉड बघितला, त्याच्या मागच्या दुव्याखाली टॉर्च मारला नाही, ही चूक माझी.

चॅनलचं काम असं केलं. तड्याच्या टोकाच्या जरा पुढे ६ मिलिमीटरचं भोक पाडलं, म्हणजे तडा पुढे धावत नाही. फट व्ही आकारात घासून भरली, वेल्डिंग सपाट केलं. वर ५ मिलिमीटरची पट्टी, टोकं तिरकी निमुळती कापलेली. चॅनलला काटकोनात आडवा टाका कुठेही नाही, कारण पुढचा तडा बरोबर त्या टाक्याच्या कडेने जातो. तिथे चॅनल पेटीसारखा बंद आहे, बोल्ट आवळला की दोन्ही भिंती चेपतात आणि बोल्ट पुन्हा सैल होतो. म्हणून प्रत्येक भोकात पाइपचा तुकडा आरपार घालून दोन्हीकडे वेल्ड केला. शेवटी बॉक्सच्या पायापासून समोरच्या चॅनलपर्यंत एक आडवा आधार दिला. दोन दिवस लागले.

रॉडचं काय करायचं यावर आमच्यात दोन मतं होती. दादांना ३२ चाच ठेवायचा होता, "आता खालचं पक्कं झालंय ना." मला तो नको होता. रॉड माळावर दोन स्टडवर सुटतो. चेसिस सुटत नाही. वाकायचंच असेल तर वाकणारी वस्तू हातात धरता आली पाहिजे आणि तिची जोडी पेटीत पाहिजे. २८ मिलिमीटर बाहेरचा, आत तेच १६.५, मधोमध पावणेदोनशे किलोच्या आसपास: मूळच्या रॉडपेक्षा दणकट, ३२ पेक्षा बराच नरम. असे दोन केले, एक गाडीला आणि एक एंडसकट, लांबी आधीच जुळवून, मागच्या सीटखाली बांधला. बॉक्सच्या चारही बोल्टांवर पिवळ्या रंगाची रेघ मारली, नटावरून चॅनलवर उतरणारी. नट फिरला की रेघ तुटते आणि झोपून बघणाऱ्याला टॉर्चशिवाय कळतं.

पुढच्या जुलैत त्याच माळावर, दुसऱ्या दगडावर, २८ चा रॉड वाकला. बाक तीन सेंटिमीटर. कोणी जॅक काढला नाही. मुलीने हातोड्या घेतल्या, सीटखालचा जोडीचा रॉड सोडवला आणि पाऊस येण्याआधी ३५ मिनिटांत तो बसवला. टेपवर पुढे-मागे फरक ३ मिलिमीटर आला. चॅनलखाली ती स्वतः झोपली, चारही पिवळ्या रेघांवरून अंगठा फिरवला आणि म्हणाली, "सगळ्या अखंड आहेत, काका."